अर्थानुसार अपात्र

गनीभाई पिंजारी यांच्या घराची मागची भिंत आणखी किती दिवस उभी राहील, हा प्रश्न शासनाने अत्यंत गांभीर्याने विचारात घेतला होता. घेतला नसता तर बरं झालं असतं.

माणूस साधा. कर्जत-जामखेडच्या बाजारांत फिरून लोकांच्या गाद्या भरून द्यायचा आणि स्वतः मात्र त्या कललेल्या भिंतीकडं तोंड करून, एक डोळा उघडा ठेवून झोपायचा. घरकुलासाठी त्याचा नंबर लागला तेव्हा त्याच्या बायकोनं, सकीनानं, गल्लीत साखर वाटली. ग्रामसेवक मच्छिंद्र भाऊसाहेब स्वतः येऊन भिंतीचा फोटो काढून गेले.

"लई भारी पडकी हाय," ते समाधानानं म्हणाले. "अशी भिंत आपल्या गावात दुसरी न्हाई."

नेमकं त्याच महिन्यात 'नामार्थ' आलं.

झालं असं, की गरजू माणूस ओळखायचा कसा, याचा वरती कुणीतरी फार विचार केला. उत्पन्नाचे दाखले खोटे निघतात, फोटो खोटे निघतात, शेजारी तर विचारायलाच नकोत. खोटं बोलत नाही ते नाव. सबब नावाचं मूळ शोधावं, अर्थ काढावा आणि अर्थानुसार पात्रता ठरवावी, असं परिपत्रक निघालं. अर्थ सांगायला संगणकात यंत्रणा बसवली. तिच्यात सध्या फक्त अरबी मुळाच्या नावांचा कोश भरला होता, कारण तो कुठंतरी फुकट मिळाला होता म्हणे. संस्कृत नावांचं टेंडर कोर्टात अडकलं होतं, आणि दगडू-धोंडूंचं तर अजून निघायचंच होतं.

गनीभाईला बोलावणं गेलं. भाऊसाहेबांनी त्याचं नाव टाइप केलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"गनीभाई, तुमी कदी बोलला न्हाई."

"काय, भाऊसाहेब?"

"गनी म्हंजे श्रीमंत. ज्याला कुनाची, कशाची गरज न्हाई असा. आन् योजना तर गरजूंची हाय."

"आवं, पन भिंत तुमीच बघितली की."

"ती मी मानूस म्हनून बघितली. इथं मी कर्मचारी हाय."

गनीभाईला हे पटलं, हेच त्याचं चुकलं. थोडा विचार करून तो म्हणाला, "आज्ज्यानं ठिवलेलं पुरं नाव अब्दुल गनी हाय. ते टाकून बघा बरं."

भाऊसाहेबांनी टाकलं. यंत्रणेनं सांगितलं: ज्याला कशाची गरज नाही अशाचा सेवक.

"सेवक म्हंजे नोकरदार. नोकरदाराला घरकुल न्हाई. मालक कोन तुमचा?"

"वरचा."

"वरचा म्हंजे जिल्ह्याचा का मंत्रालयातला?"

"त्याच्याबी वरचा."

भाऊसाहेबांनी हात जोडले, पण काम काम असतं. "पगार काय देतो?"

"कदी दोन टायमाचं देतो, कदी एक टायमाचं."

'वेतन अनियमित,' असा शेरा पडला. मालकाच्या सहीशिक्क्यानिशी वेतनाचा दाखला सात दिवसांत आणावा, अन्यथा अर्ज निकाली काढण्यात येईल, असंही खाली आलं. गनीभाईनं वर बघितलं. पंखा बंद होता.

दुसऱ्या दिवशी सकीना कचेरीत आली. सकीनाच्या तोंडाला गावची कुत्रीसुद्धा वचकून असत. तिनं टेबलावर हात आपटून तक्रार द्यायची आहे म्हणून सांगितलं. भाऊसाहेबांनी आधी नाव टाइप केलं.

"सकीना म्हंजे मनाची शांती, समाधान. भाभी, समाधानी अर्जदाराची तक्रार घ्यायला यंत्रणेत जागाच न्हाई."

त्यावर सकीना जे बोलली ते लिहिण्याजोगं नाही. मात्र ते कचेरीच्या नोंदीत गेलं, आणि नावाच्या अर्थाशी विसंगत वर्तन केल्याबद्दल तिला नोटीस निघाली. आठ दिवसांत शांत झाल्याचा खुलासा करायचा होता.

इकडं फकीररावांना घरकुल मंजूर झालं. फकीररावांची बावीस एकर लिंबोणी, दोन ट्रॅक्टर, दुमजली बंगला. पण त्यांच्याआधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून आईनं पिराला नवस बोलून, मागून आणलेल्या कापडात गुंडाळून यांचं नाव फकीर ठेवलं. मरणाला वाटावं, याच्यापाशी काय मिळणार, पुढच्या घरी जाऊ. मरण फसलं. साठ वर्षांनी शासनही फसलं. फकीररावांनी काही अर्ज केलेला नव्हता. पण घरी आलेल्या लक्ष्मीला परत धाडायची त्यांच्यात रीत नव्हती. घरकुल बांधून झालं आणि त्यात धाकटा ट्रॅक्टर राहायला गेला.

हे इथं थांबलं असतं तर गावानं पचवलंही असतं. पण यंत्रणा यशस्वी ठरली म्हणून तिला जमिनीच्या कामाला जुंपली. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, फकिराच्या नावावर बावीस एकर कशी? आणि त्याच गावात गनी नावाचा इसम भूमिहीन कसा? उघडच कुठंतरी अदलाबदल झाली होती. यंत्रणेनं ती आपणहून दुरुस्त केली.

गनीभाई सकाळी उठला तो बागाईतदार होऊन. भाऊसाहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"बसा, गनीशेठ."

"भाऊसाहेब, माझी भिंत आता टेकूवर हाय. घरकुलाचं बघा की."

"आता कसलं घरकुल? आदी तुमी नुसते अर्थानं श्रीमंत हुता. आता खरंच झालात."

गनीभाई तसाच उठून फकीररावांच्या बंगल्यावर गेला आणि म्हणाला, "अण्णा, मला न्हाई पायजे तुमची जमीन. मला भिंत पायजे." अण्णांनी त्याला पाणीही विचारलं नाही. ते गाडी काढून नगरला गेले, आणि संध्याकाळच्या आत परिपत्रक रद्द झालं. नव्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलं होतं, की नावावरून माणसाची पारख करणं अशास्त्रीय, अन्यायकारक आणि लाजिरवाणं आहे. लिंबोणी परत फकीररावांच्या नावावर गेली. घरकुल मात्र त्यांच्याकडंच राहिलं, कारण यंदाचं उद्दिष्ट पूर्ण झालं होतं. गनीभाईच्या अर्जावर नवा शेरा आला: माजी जमीनदार.

त्याच आठवड्यात भिंत पडली. दुपारची वेळ होती, घरात कुणी नव्हतं, एवढंच नशीब. सकीना ढिगाऱ्यापाशी बसून राहिली आणि एक शब्द बोलली नाही. गनीभाईला त्या गप्प बसण्याची फार भीती वाटली. कचेरीला कळलं असतं तर त्यांनी नोटीस मागं घेतली असती.

नगरजवळच्या केडगावात एका गादीवाल्यानं काम देतो म्हटलं, म्हणून गनीभाई तिकडं खोली बघायला गेला. रोहिणीताईंच्या फाटकावर पाटी होती: खोली भाड्याने देणे आहे. बाई मोठ्या मनाच्या. त्यांनी आधी चहा दिला. मग त्याच्या गावाचं नाव ऐकून म्हणाल्या, "अहो, म्हणजे ते नावावरून घर नाकारण्याचं प्रकरण तुमच्याकडचंच का? पेपरात वाचून माझं तर डोकंच फिरलं. कुठल्या काळात राहतो आपण?"

गनीभाईला भरून आलं. खोली चांगली होती. चार भिंती, चारही सरळ. त्यानं एकीला हळूच हात लावून पाहिला.

"तुमच्या मिसेसना आवडेल बघा. नाव काय म्हणालात तुमचं?"

"गनी. अब्दुल गनी." सवयीनं त्यानं पुढचंही तयार ठेवलं होतं: अर्थ श्रीमंत असला तरी मी तसा नाही, मालक वरचा आहे, दाखला मिळणार नाही. तो विचारायची वाट बघत राहिला.

बाईंनी अर्थ विचारलाच नाही. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "ह्यांनी कालच कुणाला तरी शब्द दिलाय. माझ्या लक्षातच नाही बघा." त्यांना खरोखर वाईट वाटलं. चहा संपवूनच जा म्हणाल्या.

ना यंत्रणा लागली, ना कोश, ना परिपत्रक. पाटी अजून फाटकावर आहे. तुम्ही जाऊन बघा, तुम्हाला खोली मिळेल. नावाचा अर्थ पाठ करून जायची गरज नाही. तुम्हाला तो आजवर कधी लागलाय?