चोणकाचा अपमान

शिगमा संपून नदीच्या पाण्याला ऊब आली, की आमचे शेजारी सगुणबाब पोस्टमनशी भांडायचे. पोस्टमनचा दोष एवढाच, की तो परदेशी शिक्क्यांचं पार्सल आणून द्यायचा. सगुणबाब ओट्यावर बसून त्याची सुतळी दातांनी तोडायचे आणि आतली वस्तू दोन बोटांच्या चिमटीत धरून मला हाक मारायचे.

"मास्तर, पळयात. हो मासो? हेका दोळे आसात, शेपटी आसा, पूण लज ना. हो चोणकाचो अपमान."

ती वस्तू म्हणजे गरीला, म्हणजे मासे धरायच्या गळाला, लावायचा नकली मासा. बोटीवर नोकरीला असलेला त्यांचा एकुलता एक मुलगा दामू, बोट लागेल त्या बंदरातून वडिलांसाठी तो धाडायचा. आई लवकर गेलेली. सगुणबाबांनीच त्याला वाढवलेलं. गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी मी पेडणे तालुक्यातल्या या नदीकाठच्या गावात मराठी शाळेवर आलो, तेव्हा दामू नुकताच बोटीवर गेला होता. सगुणबाबांना सहीपुरतंच लिहिता यायचं. त्यामुळे त्यांच्या घरची पत्रं लिहिण्याचं काम मला न विचारता माझ्याकडे आलं.

सगुणबाब आयुष्यभर होडीनं माणसं नदीपलीकडे पोचवत आले. नदीत चोणकाएवढा खानदानी मासा दुसरा नाही, असं त्यांचं मत. त्याला द्यायचं ते जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी, तीही मानशीच्या तोंडाशी सापडलेली. मानस म्हणजे खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला बसवलेलं लाकडी दार. ओहोटीला तिथे जाळं लावतात. सगुणबाब त्या जाळ्यातली शंभर सुंगटं चाळून पाच निवडायचे. मिशा तुटलेलं नको, मऊ सालीचं नको, उडी मारायला आळस करणारं तर नकोच. एकदा पेडण्याच्या बाजारात मासे विकणाऱ्या बाईनं "हीं सुंगटां ताजीं" म्हटल्यावर त्यांनी तिच्याशी अर्धा तास वाद घातला होता. ताजं म्हणजे मेलेलंच, असं त्यांचं म्हणणं. मी पिशवी घेऊन बाजूला उभा होतो आणि माझ्या शाळेची वेळ टळत होती.

अशा माणसाला दामू काय धाडायचा? एकदा चांदीसारखा चकचकीत पत्र्याचा चमचा. ("चमच्यान मनीस जेवता, चोणक न्हय.") एकदा रबरी बेडूक, एकदा पिसं लावलेलं लाकडी काहीतरी. मग मला बसवून पत्र सांगायचं: "चिरंजीव दामूस आशीर्वाद. बेडूक पोचला. चोणकानं त्याच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. असल्या जिनसा विकणाऱ्यांना तुरुंगात घालत नाहीत काय, विचारून कळव." बेडूक तोवर पाण्यातच उतरलेला नव्हता.

हे सगळे मासे ओट्यावरच्या खिळ्यांना ओळीनं टांगलेले. दर आठवड्याला सगुणबाब त्यांच्या गऱ्या खोबरेल तेलानं पुसायचे. वापरायच्या नाहीत तर पुसता कशाला, म्हणून मी विचारलं, तर माझ्यावरच उखडले. "परत धाडूंक जाय न्हय? कटिल्ल्यो कश्यो धाडच्यो?" गंजलेल्या कशा धाडायच्या, हा प्रश्न बरोबर होता, पण सात वर्षांत एकही परत गेली नव्हती.

सातव्या चैत्रात निळा मासा आला. त्याच आठवड्यात मानशीची फळी मोडली आणि सुंगटं मिळेनात. चार दिवस हातावर हात ठेवून बसल्यावर सगुणबाब एका सकाळी संतापानं म्हणाले, "चलात मास्तर, हें निळें सोंग किती उपेगाचें तें तुमकांच दाखयतां." बांधावर उभं राहून त्यांनी तो निळा मासा दोरीला बांधला, शिवी दिल्यासारखा फेकला आणि ओढू लागले. तिसऱ्या फेकीला दोरी ताठ झाली. पंधरा मिनिटांनी बांधावर हातभर लांबीचा चोणक तडफडत होता, तोंडात निळा मासा. मी टाळ्या वाजवल्या. सगुणबाब चोणकावर ओरडत होते. "तुका कांय कळना? इतल्या वर्सांचें नांव घालयलें."

दुपारी आम्ही त्याचं हुमण, नारळाचं कालवण, भाताबरोबर खाल्लं. हात धुऊन सगुणबाब पत्र सांगायला बसले. "निळा पोचला. एकही मासा लागला नाही."

मला भयंकर राग आला. मी पोरांना रोज खरं बोलायला शिकवतो, आणि मासा अजून माझ्या पोटात होता. मी खाली दोन ओळी माझ्या मनानं घातल्या: "निळ्याला मोठा चोणक लागला. बाबा उगीच रागावतात, प्रकृती उत्तम आहे." सगुणबाबांनी विश्वासानं सही केली.

दामूचं उत्तर पावसाच्या तोंडावर आलं. मीच वाचून दाखवलं. "बाबा, मास्तरांच्या दोन ओळी वाचून जीव भांड्यात पडला. एकही मासा तुम्हाला पटत नाही, म्हणून यंदा रजा घेऊन स्वतःच यायचं ठरवलं होतं. एकदा तुमच्याबरोबर बांधावर उभं राहून बघणार होतो. आता काळजी मिटली. रजा रद्द करून पुढची सफर घेतो. निळाच वापरा."

मी मान खाली घालून शिव्यांची वाट बघत राहिलो. सगुणबाबांनी निळा मासा खिळ्यावरून काढला, मांडीवर ठेवला आणि त्याच्या गरीवरून अंगठा फिरवत बसले.

"सात वर्सां हांव ना म्हणटां मास्तर," ते म्हणाले. "हय म्हटल्यार तो येतलो कित्याक?"

मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती. मी घरी जाऊन दौत-टाक आणलं आणि त्यांच्यासमोर बसून लिहिलं: "चि. दामू, मागच्या पत्रातल्या शेवटच्या दोन ओळी माझ्या होत्या आणि खोट्या होत्या. निळ्याला काही लागत नाही. तू स्वतः येऊन बघावंस." मास्तरकीत जाणूनबुजून लिहिलेलं हे माझं पहिलं खोटं. सगुणबाबांना वाचून दाखवलं. त्यांनी कागद हातात घेतला आणि वाचता येत नसतानाही बराच वेळ ओळींकडे बघत राहिले.

"मास्तर, इतलें सोबीत अक्षर नाका," ते म्हणाले. "इल्लें रागान बरयात. हें पळोवन तो म्हणटलो, बापूय बरो आसा."

मी तो कागद फाडला आणि दुसरा रागानं लिहायला घेतला.