कपाट, एल्बियो आणि मी

कपाट घरीच जोडायचं हे मी ठरवलं ते निव्वळ एल्बियोमुळे. एल्बियो म्हणजे आमचा शेजारी. त्यानं त्याच्या बायकोला, नेलिदाला, खोक्यातून सुट्या फळ्यांत आणलेलं कपाट एकट्यानं जोडून दिलं. तेव्हापासून माझी बायको मिर्ता आमच्या जुन्या कपाटाचं दार उघडताना उसासा टाकायला लागली. आधी नुसतं दार करकरायचं. आता दार करकरायचं, मग मिर्ता उसासायची, आणि मला दोन्ही आवाज 'एल्बियो, एल्बियो' असेच ऐकू यायचे. (मी जळका माणूस नाही. आमच्या आख्ख्या पायसांदू गावात कोणालाही विचारा. एल्बियोला तेवढं विचारू नका.)

तेव्हा मीही खोकं आणलं आणि रविवारी जेवणं झाल्यावर जाहीर केलं, "आज आपण दोघं मिळून कपाट जोडणार. तिसऱ्या कोणाची गरज नाही."

"एल्बियोकडून ड्रिल तरी मागून आणू?"

"कशाला? आपले चार हात आहेत की!"

"तीन," मिर्ता म्हणाली. "माझ्या बगलेत थर्मास आहे."

हे खरं होतं. आम्हा उरुग्वेच्या लोकांना 'माते' नावाच्या कडू पेयाशिवाय कुठलंच काम सुधरत नाही. भोपळ्याच्या भांड्यात त्याचा पाला भरायचा, वर गरम पाणी ओतायचं, धातूच्या नळीनं ओढून भांडं रिकामं करायचं आणि ओतणाऱ्याला परत द्यायचं. मग पुढच्याची पाळी. आमच्या घरात ओतायचं काम मिर्ताचं.

"आधी डावी बाजू घे," तिनं सूचनांचा कागद वाचत सांगितलं.

"मला कळतं."

"ती उलटी धरलीयस तू, वाल्देमार."

"लाकडाला उलटं-सुलटं नसतं."

"मग तिच्यावर बाण कशाला काढलाय?"

"शोभेला!"

बाण शोभेचा नव्हता, हे सिद्ध झालं ते अर्धं जोडलेलं कपाट माझ्या पायावर आडवं झालं तेव्हा. मी एका पायावर नाचत असताना मिर्ता पुटपुटली, "एल्बियोनं बाण बघितला असता."

झालं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या पाळीची माते संपवून भांडं तिच्यापुढे करत मी थंडपणे म्हणालो, "आभारी आहे."

हा शब्द आमच्याकडे सांभाळून वापरायचा असतो. मातेचं भांडं परत देताना आभार मानले, की या माणसाचं पुरे झालं असं समजतात आणि त्याची पाळी संपते.

"नक्की?" मिर्तानं विचारलं.

"नक्की!" (आणि त्याच क्षणी मला कधी नव्हे एवढी माते प्यावीशी वाटली.)

रागारागानं मी एक स्क्रू हातोडीनं ठोकायला घेतला. तो आवाज सगळ्या गल्लीत गेला असणार, कारण दारात एल्बियो उभा! रविवारच्या दुपारी दाढी केलेला, हातात ड्रिल. मिर्तानं त्याच्यासाठी भांड्यात ताजा पाला भरला. वर छान फेस आणला. आणि माझ्या डोळ्यांदेखत आत संत्र्याची साल टाकली! आमच्याकडची जुनी माणसं सांगतात, बाईनं पुरुषाला संत्र्याची साल घातलेली माते दिली, तर त्याचा अर्थ 'मला घेऊन जा.' माझ्या मातेत तिनं लग्नाआधीसुद्धा साल टाकली नव्हती. आतून नुसता जळत होतो मी.

एल्बियोनं बघता बघता सांगाडा उभा केला. "आता कोणीतरी बारीक माणूस आत शिरून पाठीची फळी धरा," तो म्हणाला. मी शिरलो. बारकेपणात तरी मी त्याच्या पुढे होतो. फळी बसली, दारं लागली, ती नीट मिटतात का ते बघायला त्यानं मिटली. मी आतच राहिलो.

मी ओरडणार होतो, एवढ्यात एल्बियोचा दबका आवाज आला; मिटलेल्या दारांतून मला ऐकू येणार नाही असं त्याला वाटलं असावं. "त्यानं लावलेले सगळे स्क्रू मी काढून पुन्हा बसवलेत. त्याला सांगू नकोस हं. बिचाऱ्याला वाईट वाटेल."

"नाही सांगणार," मिर्ता हळूच म्हणाली.

एवढ्या मऊ आवाजात ती माझ्याशी शेवटची कधी बोलली, मला आठवेना. ती मला पार कामातून गेलेला समजत होती की काय? एल्बियो मी बिघडवलेला खण तासायला परसात गेला. मी मात्र ठरवलं, मिर्तानं हाक मारल्याशिवाय बाहेर यायचं नाही.

हाक आली ती नेलिदाची. "माझा नवरा कुठाय गं? ड्रिल घेऊन निघाला तो गायबच! आणि हे काय? मातेत संत्र्याची साल?"

"अगं, त्याला ॲसिडिटी आहे म्हणून..."

"त्याला काय आहे ते मला माहीत आहे!"

नेमकी तेव्हाच भुशानं मला शिंक आली.

"कपाटात कोण आहे?" नेलिदा किंचाळली. मिर्ताला हसू आवरेना, त्यामुळे तिला बोलता येईना. खोटं कशाला सांगू, अंधारात माझी छाती फुगली. मिर्ताच्या कपाटात कोणी दडलाय असा संशय गावात पहिल्यांदाच कोणालातरी आला होता, आणि तो दडलेला मी होतो!

दार खाडकन उघडलं. समोर नेलिदा, हातात उगारलेली चप्पल. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चप्पल खाली टाकून पायात घातली.

"अगं बाई, हा होय! मला वाटलं, आत कोणी पुरुष आहे."

मी मिर्ताकडे पाहिलं. काही झालं तरी ती माझी बायको. आता तरी ती माझी बाजू घेईल, अशी माझी खात्री होती. मिर्तानं नेलिदाच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला.

"शप्पथ सांगते, नेलिदा, एल्बियो परसात खण तासतोय. आणि त्याच्याशिवाय दुसऱ्या पुरुषानं आज या घरात पाऊलही टाकलेलं नाही."