सागाच्या पानातली नोंद

आमच्या तालुक्याचं जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय एका सागाच्या पानात आहे. पान मोठं असल्यामुळे जागेची तक्रार नाही. प्रवेश पानाच्या खालच्या बाजूने. तिथली बारीक दारं सकाळी उघडतात आणि भर दुपारी पाणी वाचवण्यासाठी मिटतात. तेव्हा आत असेल तो आत, बाहेर असेल तो बाहेर. लोकांनी आधी बोंबाबोंब केली, मग अंगवळणी पडलं.

मी इथला कारकून. दर वर्षी पान गळतं आणि आम्ही नव्या पानात जातो. यंदा फेब्रुवारीत पान पिवळं पडलं, देठाशी बुचासारखा थर चढू लागला. पान गळेपर्यंत ज्या अर्जावर अंगठा पडत नाही, तो कारकुनाने भरला तसाच कायम होतो, असा नियम आहे. नेमक्या पान गळायच्या दिवशीच सगुणाबाई मडावी नवऱ्याच्या मृत्यूची नोंद करायला आल्या.

नवरा लच्छू. याच झाडाखाली एकतीस वर्षं त्याने सायकली दुरुस्त केल्या. मी अर्ज भरून वाचून दाखवला. शेवटचा रकाना, 'मयताचे काही शिल्लक आहे काय?' त्यापुढे सवयीने 'नाही'.

"हे काहून लिवलं जी?" सगुणाबाईंनी विचारलं.

"सगळ्यांचं तेच लिहितो, बाई."

"सगळे काय या झाडाखाली बसले होते? मालक दिवसभर गिऱ्हाइकाले शिव्या देत. तेवढा श्वास गेला कुठं? मी नाही देत अंगठा."

बाई हट्टी आहे, असं मी मनात म्हटलं. पण आमचे निबंधक कुळसंगे साहेब यांनी चष्मा काढून पुसला.

"मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले. "स्थळपाहणी करावी लागेल. संध्याकाळच्या आत."

आधी आम्ही हिरव्या कणांच्या विभागात गेलो. निम्मे कण उठून गेले होते, उरलेले कामात होते. वरून ऊन येत होतं. कण त्या उन्हाने पाणी फोडत होते, आणि माणसांनी बाहेर टाकलेली, दारातून आलेली हवा घेऊन तिची साखर करत होते. आवाज नाही, धूर नाही. मी कशाला हात जोडणारा माणूस नाही. तिथे जोडले.

साखरेबरोबर आम्ही देठातून सालीखालच्या नळीने खोडात उतरलो. आतल्या नळ्यांतून मुळांचं पाणी वर चाललं होतं, कुठलाही पंप नसताना. साहेब लाकडाची कडी मोजू लागले, वर्षाला एक. लच्छूने दुकान मांडलं त्या वर्षाच्या कड्यापासून सालीपर्यंत बरोबर एकतीस भरली. सगुणाबाईंनी पहिल्या कड्यावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून राहिल्या.

"हवेची साखर, साखरेचं लाकूड," साहेब हळू आवाजात म्हणाले. "यात लच्छू आहे, बाई. पण सगळा नाही. बरीच साखर झाडाने जाळली."

सगुणाबाईंचा चेहरा उतरला. "जाळली? कशापायी?"

"जगण्यासाठी. झाडाच्या पेशीपेशीत चूल असते. तिच्या जोरावर पालवी फुटते, मूळ खाली जातं, कुऱ्हाडीची जखम भरते."

त्या एकेका कड्यावरून बोट फिरवत सालीपर्यंत गेल्या. माझं सगळं लक्ष वर देठाकडे. थर जवळजवळ मिटत आला होता, आणि तो मिटला की पान गळून माझं 'नाही' कायमचं झालं असतं. माझीच मला लाज वाटली.

"म्हंजे इथंबी कामालेच लागले," सगुणाबाई शेवटी म्हणाल्या. "बसून खाणारा माणूस नव्हताच तो. आणा शाई."

साहेबांनी 'नाही' खोडलं आणि लिहिलं, 'अंशतः शिल्लक. उर्वरित झाडाच्या कामात खर्च.' त्याखाली अंगठा उमटला.

पान संध्याकाळी गळालं. नवं पान फुटेपर्यंत कार्यालय खोडातच आहे. साहेबांचं टेबल त्या एकतीस कड्यांच्या शेजारी लावलंय. कामासाठी येणारी माणसं तिथे पोचली की चपला काढतात. नियमात तसं काही नाही.