मागून येणाऱ्यांची शालूकाकी

शर्यत जिंकणारा रेषेजवळ आला, की आमची शालूकाकी टीव्हीकडे पाठ फिरवते आणि चहाचं आधण ठेवायला आत जाते. तिकडे परदेशात माणसं वेडी होऊन ओरडत असतात, जिंकलेला दोन्ही हात वर करून रडत असतो आणि इकडे कोकणात, आमच्या मिठबावात काकी आलं ठेचत असते. कप घेऊन बाहेर येते, पाटावर बसते आणि म्हणते, "हां. शर्यत आता सुरू झाली."

काकी माझी शेजारीण. वय सत्तरीच्या पुढे, सायकलवर जन्मात कधी बसलेली नाही. एका आषाढात तिच्या रिमोटचं बटण खेळांच्या चॅनेलवर अडकलं. बाहेर पाऊस धो धो, दुरुस्त करायला देवगडला कोण जाणार? तेव्हा त्या चॅनेलवर परदेशातली ती मोठी सायकल शर्यत चालू होती. रोज एक टप्पा. आज सपाटी, उद्या बर्फाचे डोंगर, परवा भर वादळात उतार. आठवड्यांमागून आठवडे माणसं नुसती पायडल मारतात. पाऊस थांबला, रिमोट दुरुस्त झाला, पण काकी काही दुरुस्त झाली नाही.

तिचा जीव सगळा शेवटच्यात. अमुक वेळेत जो पोचत नाही, त्याला दुसऱ्या दिवशीच्या टप्प्यातून काढून टाकतात, हे तिला कळलं त्या दिवशी ती जेवली नाही. दमून सोडून देणाऱ्यांना उचलायला सगळ्यांच्या मागून एक गाडी येते. तिचं नाव काकीने 'अवदसा' ठेवलंय.

"इली बघ अवदसा तेच्या मागसून! मार रे पाय, मार! आणि ह्यो क्यामेरावालो परत पयल्याकडेच गेलो! पयल्याचो सोयरो दिसता मेलो! दाखवा मरे त्या मागच्याक!"

"काकी, पहिला आला त्याचं तुला काहीच कौतुक नाही?" मी एकदा विचारलं.

"पयल्याक बघूक सगळो गाव आसा. शेवटच्याक कोण आसा, सुन्या?"

मग मीही पडद्यावर त्या शेवटच्याला शोधू लागलो.

यंदा असली एक टप्प्याटप्प्यांची शर्यत आमच्याच किनाऱ्यावरून जायची ठरली. देशोदेशीचे व्यावसायिक सायकलवाले कुणकेश्वरवरून येणार, आमची घाटी चढणार आणि पुढे मालवणला जाणार. गावाला चतुर्थीसारखी कळा आली. सरपंच हार घेऊन सकाळपासून रस्त्याच्या मधोमध उभे. जो पहिला येईल त्याला थांबवून सत्कार करायचा, असा त्यांचा बेत होता. पोलिसांनी त्यांना हारासकट कडेला ओढलं.

काकी घाटीच्या माथ्यावर, मोरीच्या कठड्यापाशी. सोबत शहाळी आणि कोयता. मी तिच्या शेजारी.

आणि मग ते आले. आधी नुसता आवाज, मधाचं पोळं उठावं तसा. वळणावरून रंगांचा एक लोंढाच वर आला. ज्या चढावर आमची एसटी कण्हते, तिथून ही माणसं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून सरळ निघून गेली. अंगावर वारा आला, घामाचा वास आला. माणसाच्या पायात एवढं बळ असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, का ते मी सांगू शकत नाही. टाळी वाजवायचंसुद्धा राहून गेलं.

लोक पांगले. उन्हं चढली, मला भूक लागली.

"जेवक जातलंस तर जा," काकी म्हणाली. "माझो एक येवचो आसा अजून."

तो आला. सोनेरी केसांचा कोवळा परदेशी मुलगा, कुठेतरी आपटलेला, गुडघ्यातून रक्त वाहत होतं. आमच्यासमोर येऊन उतरला आणि कठड्यावर मटकन बसला. मागोमाग ती गाडी येऊन थांबली. ड्रायव्हर आपल्याच कणकवलीकडचा. त्याने खाली उतरून मुकाट्याने मागचं दार उघडलं.

काकीने शहाळं फोडून मुलाच्या हातात दिलं. तो घटाघटा प्यायला. मग तिने ग्रामदेवतेच्या देवळाकडे तोंड केलं, हात जोडले आणि चक्क गाऱ्हाणं घातलं! आमच्याकडे मानकरी देवाला असं मोठ्याने साकडं घालतात आणि जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. बाईमाणसाने भर रस्त्यात घातलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा! ह्यो पोरगो तुझ्या घाटीत येवन बसलो आसा. खंयचो, कोणाचो, माका म्हायत नाय. पण दमलो आसा. तेच्या पायात बळ दी आणि ह्या अवदसेक तेच्यापासून लांब ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मोठ्याने ओरडला तो गाडीचा ड्रायव्हर. गाऱ्हाणं कानावर पडलं की आमच्या माणसाचं तोंड आपोआप उघडतं. मग त्याने जीभ चावली आणि गाडीचं दार लावून टाकलं.

त्या मुलाला काय कळलं देव जाणे. तो हसला, उठला आणि सायकलवर बसला. डुलत डुलत माथा ओलांडून दिसेनासा झाला. गाडीही बरंच अंतर राखून त्याच्या मागून गेली.

मी चपला झटकल्या, निघायला वळलो. काकीचे हात मात्र जोडलेलेच होते.

"आणि माझो संदीप म्हमयत आसा, म्हाराजा," ती हळू आवाजात म्हणाली. "हरलो म्हणान तोंड दाखवूक लाजता. तेका कोणी पयलो ये म्हणान सांगूक नाय. जसो आसा तसो घराक घेवन ये रे म्हाराजा."

संदीप तिचा एकुलता एक मुलगा. मुंबईत हॉटेल काढायला गेला, ते चाललं नाही. तेव्हापासून तो चतुर्थीलाही आलेला नाही, फोनही उचलत नाही. काकी त्याचं नाव काढत नाही, म्हणून आम्हीही काढत नाही.

रस्त्यावर साथ द्यायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. एकट्याचा आवाज फारच बारीक आला. म्हणून मग मी छाती भरून पुन्हा ओरडलो.