चंद्राअक्कांची लांबची हाक

आमच्या शेजारच्या चंद्राअक्का फोनवर अंतर बघून ओरडतात. कराडला साधा आवाज, पुण्याला जरा चढा. तमिळनाडूत कोइमतूरला फोन लागला, की माझी म्हैस दावं ओढते. तिथं त्यांचा सुरेश सोनं गाळायचं दुकान चालवतो. आमच्या विट्याकडची अशी माणसं देशभर पांगलीत.

सुरेशनं व्हिडिओ कॉल शिकवला, तरी अक्का फोन कानालाच लावत. तो बिचारा रोज आईचा कान बघायचा.

"आई, तोंड दाखव की!"

"तोंडानंच बोलतीया न्हवं मी?"

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी सुरेश फोन उचलेना. आदल्या दिवशी ताप आहे म्हणाला होता. बायको माहेरी, घरात एकटाच. अक्का माझ्या दारात आल्या. तोंड उतरलेलं.

"बाळू, ह्या मोबाइलातनं समद्यांसंगं एकदम बोलता येतंय म्हणं?"

सोनं गाळणाऱ्या आमच्या पोरांचा मोबाइलवर ग्रुप आहे, त्यात मीही आहे. मी रेकॉर्डिंग चालू करून फोन पुढं धरला. अक्कांनी सगळा देश नजरेपुढं आणला असावा, इतक्या मोठ्यानं ओरडल्या.

"आरं, माझ्या सुरेशाच्या जवळपास कोण हाय रं? दार वाजवा गड्यांनो!"

कलकत्त्याहून कुणीतरी धीर दिला, मदुराईहून एकानं ओळखी काढल्या. मग एक अनोळखी आवाज आला, "मावशी, मी आटपाडीकडचा बिरू. फुडच्या गल्लीतच हाय. निघालोच."

दार आतून बंद होतं. बिरूनं ते तोडलं, तापानं बेशुद्ध पडलेल्या सुरेशला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दुपारी फोटो आला. हाताला सलाइन, चेहऱ्यावर ओशाळं हसू.

अक्का मटकन खाली बसल्या. "लय वाळलाय रं," म्हणाल्या, आणि हसता हसता रडल्या.

सुरेश बरा झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "त्या बिरूची आई कुटं असती?"

बिरूची आई वस्तीवर एकटीच, शेरडं राखायची. तिच्याकडं बटणांचा फोन. लेकाचा आवाज यायचा, चेहरा नाही. अक्का माझ्या मोटरसायकलवर बसून तिथं गेल्या. ओळख सांगून झाली, तशी त्यांनी मला बिरूला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं आणि फोन म्हातारीसमोर दोन्ही हातांनी धरला.

लेक दिसला. म्हातारीनं पदरानं काच पुसली, पुन्हा पुसली.

फोन धरून अक्कांचे हात अवघडले. मी म्हटलं, "द्या, मी धरतो."

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "बघू दे तिला."