टीव्हीला हवा तो फॉरमॅट

संध्याकाळी व्याही आणि विहीणबाई चहाला यायचे होते. त्यांना मुलीच्या लग्नाची फिल्म मोठ्या पडद्यावर दाखवायची, असं हेडक्लार्कसाहेबांनी परस्पर कबूल करून टाकलं होतं. बायकोने मुकाट्याने पेन ड्राइव्ह हातात दिला आणि ‘करा सावकाश’ म्हणून ती आत गेली. एरवी ती आधी शेजारच्या इलेक्ट्रिशियनचं नाव काढायची. आज तिने विश्वास टाकला, म्हणून साहेबांना जरा भरूनच आलं.

टीव्ही फोटो दाखवी, पण फिल्म दाखवेना. पडद्यावर एकच ओळ येई: ‘फॉरमॅट चालत नाही.’ साहेबांनी ड्राइव्ह काढून फुंकला, शर्टाला पुसला, उलटा घालून पाहिला. (उलटा तो जातच नव्हता; तरी जोर लावून पाहिला.) शेवटी त्यांनी तो कॉम्प्युटरला लावला, उजवं बटण दाबलं, आणि समोरच्या यादीत चक्क ‘फॉरमॅट’ हा शब्द! टीव्हीला जे हवं ते इथे आयतं मिळत होतं. त्यांनी ते दाबलं. कॉम्प्युटरने काहीतरी इशारा दिला. पण समोर आलेलं न वाचता मंजूर करण्यात साहेबांची सारी नोकरी गेली होती.

ड्राइव्ह फॉरमॅट झाला. इतका स्वच्छ, की आत काही उरलंच नाही.

एकुलत्या एका मुलीचं लग्न एका बोटाने पुसलं गेलं होतं. पाहुणे आले, तेव्हा साहेबांनी हवापाण्याच्या गप्पा लांबवल्या, चहा दुसऱ्यांदा करायला लावला. अखेर व्याहीच घसा खाकरून म्हणाले, “फिल्म लावताय ना? खरं सांगायचं तर आमच्याकडची माझ्या हातून पुसली गेली. आता तुमच्याकडचीच काय ती उरली.”

“माझ्याही हातून,” साहेब जमिनीकडे बघत म्हणाले.

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. तेवढ्यात बायको उठली, कपाटातून दुसरा पेन ड्राइव्ह आणून तिने टीव्हीला लावला, आणि पडद्यावर मुलगी हसत चालू लागली. टीव्हीवर चालेल अशी कॉपी तिने फोटोग्राफरकडून आधीच करून घेतली होती.

“मग मला दिला तो?”

“तो तुमच्यासाठीच वेगळा करून घेतला होता,” बायको म्हणाली. “बिघडवायला.”

विहीणबाई तिच्याजवळ सरकून बसल्या आणि फोटोग्राफरचा नंबर मागू लागल्या.