जर्दाळूच्या जॅमऐवजी

पाककृती अक्षरशः पाळणं हे भित्र्या माणसांचं काम, असं माझं ठाम मत आहे. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत होतं.

गेल्या महिन्यात सासू-सासरे जेवायला आले. सासरे निवृत्त परीक्षक. जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्यामुळे आता दिसेल त्याला दहापैकी गुण देतात. आमच्या सोफ्याला सहा, शेजाऱ्यांच्या कुत्र्याला आठ आणि जावई म्हणून मला, लग्नापासून, तीन. म्हणजे चक्क नापास! या खेपेला घरच्या बार्बेक्यू सॉसमध्ये घोळवलेली, निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी खाऊ घालून पास व्हायचंच, असा मी चंग बांधला होता.

टोमॅटो, व्हिनेगर, मिरपूड सगळं रटरटायला लागलं आणि पाककृतीत पुढची ओळ आली, 'जर्दाळूचा जॅम, एक वाटी'. तो मी आदल्याच दिवशी पावाला लावून फस्त केला होता. बायकोला विचारावं तर तो कोणी संपवला हा विषय निघाला असता. म्हणून मी गुपचूप फ्रिज धुंडाळला. मागच्या कोपऱ्यात संत्र्याच्या जॅमची बाटली सापडली. आत मधाच्या रंगाचा ऐवज. बोट बुडवून चाखलं. संत्र्याचा पत्ता नव्हता, पण आंबटगोड होतं. अडला हरी! सगळी बाटली पातेल्यात उपडी केली. सॉसला अशी चकाकी आली की त्यात बघून भांग पाडावा.

सासऱ्यांनी पहिला घास घेतला. त्यांच्या मिशा इतक्या भरघोस, की काहीही आधी त्या खातात, मग ते.

"वा," ते म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मी आग्रह करकरून वाढत सुटलो. मग सॉस निवायला लागला. सासूबाईंचा काटा ताटलीला चिकटला, तो ताटलीसकट उचलला गेला. सासऱ्यांनी कागदी रुमाल मिशांवर टेकवला आणि हात खाली आणला. रुमाल वरच राहिला.

बायकोने सॉस दोन बोटांत धरून ताणला. तिचा चेहरा उतरला.

"यात काय घातलंस?"

"संत्र्याचा जॅम. फ्रिजमधला."

"अरे देवा, तो जॅम नाही! साखर-लिंबाचा पाक आहे. हातापायांचे केस काढायला करते मी. बाबा, थांबा, ओढू नका, कोमट पाण्याने…"

पण 'केस काढायला' एवढं ऐकूनच बाबा दचकले होते. फर्र! रुमाल हातात आला, डावी मिशी घेऊन.

सासूबाईंनी चष्मा पुसून नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"अहो, ओठ बरा आहे की तुमचा. उगीच इतकी वर्षं झाकून ठेवलात."

सासरे उठले, न्हाणीघरात गेले आणि उरलेली मिशीही उतरवून आले. निघताना दारात थांबले.

"सॉसला सात."

माझा जीव भांड्यात पडला. "आणि मला, बाबा?"

"तुम्ही फेरपरीक्षेला बसा. मिशा उगवल्यावर."

हल्ली मी दर रविवारी न चुकता फोन करून त्यांच्या तब्येतीची चौकशी करतो. विशेषतः नाकाखालच्या.